जायफळाला एकच गिऱ्हाईक

चार दिवस पाऊस उघडत नाही, नागलीची आवणी अडकलीय. म्हणून आज जुन्या काळातली शेतीचीच एक गोष्ट लिहितो.

सुरत आम्हा सुरगाण्याच्या लोकांना नाशिकइतकीच ओळखीची. तिथं १६१६ च्या सुमारास डच कंपनी आली. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० ला सुरत लुटली, तेव्हा डचांची वखार तिथं होती. १६७० ला परत येताना महाराजांची मोगलांशी लढाई झाली ती आपल्या दिंडोरीजवळच. आपल्या कोकणातही वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, पडकी का होईना अजून उभी आहे.

ही कंपनी १६०२ ला निघाली. लोकांना शेअर विकून भांडवल उभं केलं, आणि सरकारनं तिला फौज ठेवायची, लढाई करायचीही परवानगी दिली. व्यापारी आणि वर बंदूक! सुरतेहून ते कापड आणि नीळ घ्यायचे. कापड कशाला? तर आता इंडोनेशियात असलेल्या बेटांवर ते देऊन मसाला घ्यायला.

त्यातलं बांदा बेट. जायफळ तेव्हा जगात फक्त तिथंच आणि शेजारच्या बेटांवर पिकायचं. तिथल्या लोकांकडं जायफळ भरपूर, पण खायचा तांदूळ बाहेरून यायचा. जावाचे व्यापारी तांदूळ आणायचे, जायफळ न्यायचे. डचांनी करार करून घेतला की माल फक्त आम्हालाच द्यायचा, भाव आम्ही ठरवू. आता पोटाला तांदूळ दुसराच आणून देतोय, तर माल त्याला द्यायचा नाही का? लोक देत राहिले. डच म्हणाले, करार मोडला. १६२१ ला कून नावाचा त्यांचा गव्हर्नर फौज घेऊन उतरला. पंधराएक हजार वस्ती होती म्हणतात, त्यातले हजारभर उरले. बाकी मारले, उपाशी मेले, पळाले नाहीतर गुलाम झाले. जमिनीचे तुकडे पाडून डच माणसांना दिले, राबायला गुलाम आणले.

लवंगेचं तर वेगळंच. पीक जास्त झालं की भाव पडतो, हे आपल्याला टोमॅटोनं शिकवलंय. आपण माल रस्त्यावर ओततो. कंपनीनं लोकांची झाडंच तोडून टाकली. अंबोन आणि आजूबाजूची बेटं सोडून दुसरीकडं लवंग ठेवायची नाही, असा हुकूम. ज्यानं झाड वाढवलं त्याला कुणी विचारलं नाही.

१७७० ला फ्रेंचांनी रोपं चोरून मॉरिशसला नेली, मग मक्तेदारी ढिली पडली. कंपनी कर्जात बुडून १७९९ ला बंद झाली. पण जावातल्या शेतकऱ्याची सुटका नव्हती. १८३० पासून डच सरकारनंच पाचवा हिस्सा जमिनीवर कॉफी, ऊस, नीळ लावायची सक्ती केली. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी त्याहून जास्त गेली.

आज जायफळ आपल्या कोकणात नारळाच्या सावलीत पिकतं. दापोलीच्या विद्यापीठाची 'कोकण सुगंधा' जात आहे.

हे सगळं आठवायचं कारण सांगतो. दोन वर्षांमागं एका व्यापाऱ्यानं आम्हाला स्ट्रॉबेरीची रोपं दिली, माल मलाच आणि भाव आत्ताच ठरवू म्हणाला. मीही सही केली. हंगामात बाजार वर गेला, आम्ही जुन्याच भावात माल दिला. काल तो परत आला. आम्ही पाच जणांनी सांगितलं, निम्मा माल तुला, निम्मा बोरगावच्या रस्त्यावर आणि नाशिकला नेणार. विचार करून सांगतो म्हणून गेलाय.