सिडनीच्या मोडीतून कल्याणची दुर्बीण

जुन्या संगणकातील सुस्थितीतला भाग नव्या संगणकात बसवताना तो तेथे जुळेल का, हाच खरा प्रश्न असतो. भारतीय रेडिओ खगोलशास्त्राच्या आरंभीही असाच प्रश्न उभा होता.

१९५०च्या दशकाच्या आरंभी सिडनीतील पॉट्स हिल येथे ख्रिस्तियान्सन यांनी सूर्यनिरीक्षणासाठी सुमारे सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या एका रांगेत उभारल्या. पुढे त्या मोडीत निघणार, हे कळताच तेथे काम करणाऱ्या तरुण गोविंद स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या. मागणी मान्य झाली. पण वाहतुकीचा खर्च कोणी सोसायचा, यावरच पत्रव्यवहार लांबला! स्वरूप अमेरिकेला गेले. तबकड्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आल्या आणि तशाच पडून राहिल्या.

१९६३ मध्ये स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि १९६५ मध्ये त्याच तबकड्या कल्याणला उभ्या राहिल्या. याला आयती मिळालेली दुर्बीण म्हणणे अन्यायाचे होईल. तबकडीला स्वतःची अशी तरंगलांबी नसते. त्या मानाने तिचा पृष्ठभाग पुरेसा नितळ असला की झाले. मूळ निरीक्षणे २१ सेंटिमीटरवर होती, कल्याणची ६१० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे ४९ सेंटिमीटरवर. त्यामुळे जुना पृष्ठभाग सहज पुरला. मांडणी मात्र नवी होती: २४ तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरवर, ८ दक्षिणोत्तर २५६ मीटरवर. दुर्बिणीची भेदनक्षमता या अंतरांतून येते, आणि ती अंतरे सिडनीहून आलेली नव्हती.

याच गटाने पुढे उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली. तिचा आराखडा सर्वस्वी देशी होता.