पडद्यावरचा समुद्र आणि ब्रह्मपुरीची मूर्ती

गेल्या उपवासकाळात धर्मग्रामातील तरुणांना आम्ही संगणकाच्या साहाय्याने भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांची सहल घडविली. सभागृहाच्या भिंतीवर कैसरियाचे भग्न बंदर, माल्टाची खडकाळ खाडी आणि नेपल्सजवळचे पोत्सुओली एकामागून एक उमटत गेले. संत पौलाला बंदिवान म्हणून रोमला नेले, तो हा मार्ग. माल्टापाशी तारू फुटले, तरी त्यावरील २७६ जीव वाचले. दिवे लागताच एका तरुणाने विचारले, "फादर, हे सारे त्यांचे. आपल्या दुष्काळी जतचा त्या समुद्राशी काय संबंध?"

'तुमचा धर्म परका' हे बोल ज्याने ऐकले आहेत, त्याच्या तोंडी हा प्रश्न साधा नव्हता.

उत्तराचा एक भाग कोल्हापुरात आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० नंतरच्या दशकात कांस्य वस्तूंचा साठा सापडला. त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटीशी मूर्ती होती. १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वसाहतीचे चित्र स्पष्ट झाले.

ती मूर्ती येथे आली कशी? पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातील गलबते मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत. त्याच शतकातील 'पेरिप्लस' या ग्रंथात भडोच, कल्याण, चौल या बंदरांचा आणि पैठण व तेर या पेठांचा उल्लेख आहे. आपला माल अलेक्झांड्रियामार्गे रोमन जगात पोहोचे. पौलाला माल्टाहून पोत्सुओलीला नेणारे गलबतही अलेक्झांड्रियाचेच होते.

यावरून ख्रिस्ती श्रद्धा तेव्हाच येथे आली, असे आम्ही म्हणणार नाही; मूर्ती तिची साक्ष देत नाही. ती एवढेच सांगते की, हा मुलूख जगापासून तुटलेला कधीच नव्हता. पडदा आपल्याला दूरचा किनारा क्षणात दाखवितो; पण खलाशी, हमाल आणि घाट चढणारे बैल यांचे कष्ट तो दाखवीत नाही. त्या कष्टांनीच दोन किनारे जोडले गेले होते.

उन्हाळ्याच्या सुटीत त्या मुलांना आम्ही कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात नेले. प्रश्न विचारणारा तरुण मूर्तीपुढे बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "एवढीशी मूर्ती, फादर, आणि केवढा प्रवास!"