पदवी नसलेला गणिताचा प्राध्यापक

डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांना गणित शिकवणाऱ्या केरूनाना छत्रे यांच्याजवळ स्वतःची पदवी नव्हती. असणार कशी? १८२५ साली अलिबागजवळच्या नागावात ते जन्मले आणि मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली. मग बी.ए.च्या मुलांना शिकवण्याइतके गणित त्यांना आले कुठून?

मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर गणित शिकवीत. केरूनाना आणि दादाभाई नौरोजी, दोघेही १८२५ चेच, त्यांचे विद्यार्थी. दादाभाई पुढे तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. केरूनाना मात्र पोरवयातच कुलाब्याच्या वेधशाळेत प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली लागले. रोजची निरीक्षणे, रोजची आकडेमोड, आणि चुकले तर दाखवायला जाणकार माणूस जवळ. हेच त्यांचे कॉलेज.

उर्दू शायरीत याला इस्लाह म्हणतात. शागिर्द गझल आणतो, उस्ताद एखादा शब्द सुधारतो. गझल लिहून देत नाही. आपल्या ट्यूशन क्लासमध्ये तयार गझलच फळ्यावर मिळते!

आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ साली निघाले, मॉरिस १८८५ साली. विद्यापीठ यायला १९२३ उजाडले. तोवर इथल्या मुलांची परीक्षा घेणार आधी कलकत्ता, मग अलाहाबाद. परीक्षक दूर, तेव्हा खरा आधार शिकवणाऱ्याचाच.

१९९३ साली मुंबई विद्यापीठातले प्रा. एस. कुमारेसन यांनी बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलांसाठी उन्हाळी सुटीत चार आठवड्यांचे गणित शिबिर सुरू केले. तिथे शिक्षक वही उतरवून देत नाही. तो प्रश्न विचारत राहतो आणि मुले सिद्धता स्वतः जुळवतात. काम फार मोलाचे. पण तिथे निवड होते, गणितात रमलेलीच मुले जातात. ज्याचे घोडे अकरावीच्या त्रिकोणमितीत अडले आणि जो उमरेडहून सकाळची बस धरून येतो, त्याच्याजवळ कोण बसणार?

एल्फिन्स्टनच्या तरुणांनी १८४८ साली एक मंडळ काढले, आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा उघडून तिथे फावल्या वेळात बिनपगारी शिकवले. आपल्या कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना पहिल्या वर्षाच्या चार-पाच मुलांजवळ आठवड्याला दोन तास बसवता येईल. त्याला ना इमारत लागते ना अनुदान. दुपारी तीननंतर कॉलेजातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्याच असतात.