चाकांवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याला स्थिर ठिकाण नाहीं त्याच्याविषयीं कांहींशा उपहासानें आणि कांहींशा कींवेनें ती वापरली जाते. परंतु स्वतःचें चांगलें घर असतांना, केवळ हौसेखातर बिऱ्हाड चाकांवर चढवून बाहेर पडणारा एक गृहस्थ एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत निघाला. त्याचें नांव डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स.

स्टेबल्स हा मूळचा स्कॉटलंडचा. ब्रिटिश आरमारांत शल्यवैद्य म्हणून त्यानें नोकरी केली, आणि पुढें बर्कशायरमधील ट्वायफर्ड या गांवीं राहून तो मुलांसाठीं साहसकथा लिहूं लागला. समुद्र सुटला तरी भ्रमंतीची ओढ सुटली नव्हती. रस्त्यानें जाणाऱ्या जिप्सी लोकांच्या घरगाड्या त्याच्या पाहण्यांत होत्या. तसेंच, पण आपल्या इतमामाला शोभेल असें एक घर त्यानें ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्याकडून १८८५ सालीं बांधून घेतलें. मॅहोगनी व मेपल या लांकडांचें तें घर सुमारें दोन टन वजनाचें होतें. पुढील दालनांत कोच, पुस्तकांचें कपाट, आरसा; मागील बाजूस स्वयंपाकाची छोटी खोली. त्याचें नांव ठेवलें 'वाँडरर', म्हणजे भटक्या. जुन्या आरमारी मनुष्यास तें जमिनीवरचें गलबतच वाटे.

त्याच वर्षीं दोन घोडे जोडून तो उत्तरेस निघाला व स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत पोंचला. बरोबर गाडीवान, एक सेवक आणि 'हरिकेन बॉब' नांवाचा थोरला न्यूफाउंडलंड कुत्रा होता. सेवक तीनचाकी सायकलीवरून पुढें जाई व अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करी. १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्ताच्या नांवांतच तेराशें मैलांचा उल्लेख आहे. मात्र ही मौज फुकटची नव्हती. दोन टनांचें घर चढावर ओढतांना घोडे थकून जात, आणि उतारावर तेंच वजन घोड्यांच्या अंगावर येऊं पाही. घर सोबत नेणाऱ्यास घराचा भारहि सोबत न्यावा लागतो, हा पहिला धडा त्याला रस्त्यानेंच दिला.

तोच धडा पुढें मोटारीच्या काळांत निराळ्या रूपानें आला. १९०७ सालीं हौशी प्रवाशांनीं इंग्लंडांत 'कॅरव्हान क्लब' स्थापन केला. पहिल्या महायुद्धानंतर बर्मिंगहॅमची एक्लेस कंपनी मोटारीमागें ओढण्याचीं घरें विकूं लागली. अमेरिकेंत वॉली बायम यानें १९३६ सालीं ॲल्युमिनिअमच्या पत्र्याचें, हलकें, गोलसर आकाराचें घर बाजारांत आणलें. अशा घरांत सामान कसें भरावें यालाहि शास्त्र आहे. जड वस्तु खालीं व चाकांच्या आंसाजवळ ठेवाव्यात, आणि एकंदर भार आंसाच्या किंचित् पुढें, मोटारीच्या बाजूस असावा. तो मागें गेला कीं वेगांत घर डावीउजवीकडे हेलकावे खाऊं लागतें व मोटारीसहि फरफटत नेतें. नवशिक्यानें प्रवासाची जागा निवडण्यापूर्वीं हें शिकणें अधिक श्रेयस्कर.

पण या इतिहासाला दुसरीहि एक बाजू आहे. स्टेबल्सची गाडी पाहण्यास गांवोगांव लोक कौतुकानें जमत. स्वतःला तो 'सभ्य जिप्सी' म्हणवी. त्याच सुमारास जॉर्ज स्मिथ नांवाचे सुधारक खऱ्या जिप्सींच्या फिरत्या घरांची नोंदणी व तपासणी व्हावी म्हणून पार्लमेंटांत विधेयकें आणवीत होते. मुलांना शिक्षण मिळावें हा त्यांचा हेतु होता. परंतु सरकारी अधिकाऱ्यानें वाटेल तेव्हां घरांत शिरावें, हें जिप्सींना व त्यांच्या कैवाऱ्यांना मान्य नव्हतें. तीं विधेयकें शेवटपर्यंत संमत झालीं नाहींत. तथापि १९६० च्या कायद्यानें घरगाड्यांच्या तळांस परवाना आवश्यक झाला आणि जिप्सींचे अनेक जुने तळ बंद पडले. १९६८ सालीं त्यांच्यासाठीं जागा देण्याचें कर्तव्य इंग्लंड व वेल्समधील स्थानिक संस्थांवर घालण्यांत आलें, आणि १९९४ सालीं तें काढूनहि घेण्यांत आलें.

एकच चाकांवरचें घर. पण सुटीपुरतें त्यांत राहणाऱ्यास तें स्वातंत्र्याचें चिन्ह झालें, आणि पिढ्यान् पिढ्या त्यांत राहणाऱ्यास तोच संशयाचा विषय ठरला. ज्यांच्या गाड्या पाहून स्टेबल्सनें आपली गाडी बांधविली, त्यांना रात्रीपुरतें थांबण्यास जागा कोठें, हा प्रश्न मात्र त्याच्या तेराशें मैलांनंतर शंभर वर्षांनींहि रस्त्याच्या कडेलाच उभा होता.