नव्या गीताचें जुनेपण

जुन्या संगीत नाटकांचीं पुस्तकें ज्यांनीं चाळलीं असतील, त्यांस प्रत्येक पदाच्या माथ्यावर छापलेली 'चाल' आठवत असेलच. एखादी हिंदुस्थानी चीज, लावणी किंवा आधींचें गाजलेलें पद घ्यावें आणि कवीनें त्या सांच्यांत आपले शब्द बसवावे, अशी ती वहिवाट. बोलपटाच्या उदयकाळींही रंगभूमीच हाताशीं होती. 1932 मध्यें 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' निघाला, तेव्हां त्याचें संगीत 'मानापमाना'च्या गोविंदराव टेंब्यांचेंच होतें, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच.

पुढें 1936 सालीं त्याच संस्थेनें 'संत तुकाराम' काढला, तेव्हां संगीतकारापुढें निराळाच पेंच पडला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. संगीत केशवराव भोळे यांचें. तुकोबांच्या अभंगांची वाण नव्हती. तरीही त्यांच्या जोडीस शांताराम आठवले यांनीं एक सर्वस्वीं नवें गीत रचलें. तें 'आधीं बीज एकलें'. तीनशें वर्षें लोकांच्या मुखांत घोळलेल्या वाणीशेजारीं हें कालचें गीत उभें करावयाचें, आणि सांधा तर दिसतां कामा नये!

केशवराव कांहीं साधे भजनी नव्हते. 'एकलव्य' या नांवानें संगीतावर मार्मिक टीका लिहिणारा तो व्यासंगी पुरुष. त्यांनीं येथें आपली विद्वत्ता मिरविली नाहीं. चाल भजनी वळणाची, शब्दांना वाट करून देणारी ठेविली. काय गाळावें हें त्यांस पुरतें उमगलें होतें. पुढच्याच वर्षीं 'कुंकू'मध्यें त्यांनीं नेहमींचें पार्श्वसंगीत टाळून प्रसंगांतूनच उठणाऱ्या नादांवर भागविलें, ही गोष्ट त्याची साक्ष देते.

परिणाम असा झाला कीं, अनेकांनीं हें गीत तुकोबांचाच अभंग मानलें. वास्तविक कवीनें कोणास फसविलें नव्हतें. अभंगाच्या अखेरीस येणारी 'तुका म्हणे' ही नाममुद्रा या गीतांत कोठेंही नाहीं. शब्दांनीं जें सांगितलें नव्हतें, तें चालीनें आणि पागनिसांच्या गळ्यानें श्रोत्यांस पटविलें. ज्या बोलपटांत सालोमालो तुकोबांची रचना आपली म्हणून मिरवितो, त्याच बोलपटाच्या श्रोत्यांनीं दुसऱ्याची रचना तुकोबांच्या पदरीं घालावी, हा योगायोग मोठा विलक्षण!

कोणी म्हणेल, यांत बिघडलें काय? गीतकारास याहून थोर मान तो कोणता? मान थोर खरा, आणि आम्ही तो कमी लेखीत नाहीं. परंतु भक्ताच्या ओंजळीनें इतिहासकारास पाणी पितां येत नाहीं. तुकोबांच्या गाथेस उसन्या धनाची गरज नाहीं, आणि आठवल्यांस स्वतःचें धन गमावण्याचें कारण नाहीं. शिवाय हें गीत जुनें ठरविलें कीं भोळ्यांचा पराक्रमही नाहींसा होतो. कारण जुन्या अभंगास जुनेपण देण्यांत विशेष तें काय?

भुईंत बीं दिसेनासें होतें, तेव्हांच रोप वर येतें, हें खरें. पण शेत कोणीं पेरलें, हें गांवानें विसरूं नये.