उभ्या जंगलाचे मोल : आज्ञापत्र ते कार्बन क्रेडिट

१/ अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी नियम घालून दिला. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ती झाडे तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण झालेच असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मगच तोडावे. संमती आणि मोल, अशा या दोन अटी.

२/ धुराची भरपाई झाडांनी करण्याची कल्पना मात्र अलीकडची. १९८८ साली अमेरिकेतील एका वीज कंपनीने आपल्या कोळशाच्या धुरापोटी ग्वाटेमालातील शेतकऱ्यांच्या वृक्षलागवडीला पैसा पुरवला.

३/ १९९७ च्या क्योटो कराराने या व्यवहाराला जागतिक चौकट दिली. विकसनशील देशातील प्रकल्पामुळे जेवढे उत्सर्जन टळेल, तेवढी कार्बन क्रेडिट विकता येऊ लागली. २००१ च्या माराकेश परिषदेत मात्र ठरले की नवी लागवड ग्राह्य, उभे जंगल राखणे अग्राह्य. टळलेली तोड मोजणे अवघड, आणि इथे थांबलेली कुऱ्हाड दुसरीकडे चालेल, अशी शंका होती.

४/ परिणाम सह्याद्रीत दिसला. सातारा-सांगलीच्या पठारांवरील पवनचक्क्यांचे प्रकल्प या योजनेत नोंदले गेले. पाटण तालुक्यातील पवनचक्क्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या कोयनेच्या जंगलाला मात्र तिथे जागा नव्हती.

५/ हे जंगल फुकट राखले गेलेले नाही. कोयना आणि चांदोली ही १९८५ ची अभयारण्ये. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. आधी धरणांसाठी, मग वन्यजीवांसाठी, अनेक गावांनी घरे आणि शेते सोडली.

६/ २००७ च्या बाली परिषदेनंतर जंगलतोड टाळण्यालाही मोल देण्याची वाट खुली झाली. अट एकच : पैसा नसता, तर जंगल तुटले असते, हे दाखवावे लागते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या देवराई राखणारे गाव या हिशोबात मागे पडते. ज्याने कधी कुऱ्हाड उचललीच नाही, त्याने काय वाचवले म्हणून दाखवावे?

७/ २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा आणि त्याच्या व्यवस्थापनाचा हक्क दिला आहे. म्हणून सह्याद्रीतील जंगलाच्या नावे कोणतीही कंपनी आपला धूर फेडू पाहील, तेव्हा आज्ञापत्रातलेच दोन प्रश्न विचारावे लागतील : धनी राजी आहे का, आणि मोल त्याच्या हाती पडले का?