प्रशिक्षणाचं बिल कोण भरतं?

१८२४ साली एडिनबरो शहराने २४ वर्षांच्या जेम्स ब्रेडवुडला अग्निशमन दलाचा प्रमुख नेमलं. त्याने माणसं निवडली ती कौलं घालणारे, सुतार, गवंडी, लोहार अशी. हिशोब साधा होता. ज्याला छप्पर बांधता येतं, त्याला ते कधी कोसळेल हेही कळतं. त्यांची कवायत तो पहाटेच्या अंधारात घेई. आग उजेडाची वाट पाहत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आगीच्या प्रशिक्षणाचा पद्धतशीर विचार करणाऱ्या सुरुवातीच्या शहरांपैकी हे एक. मला या इतिहासात आगीइतकाच एक प्रश्न खुणावतो: शिकवण्याचा खर्च कुणी उचलला?

१८३३ मध्ये लंडनच्या दहा विमा कंपन्यांनी मिळून एक दल काढलं आणि ब्रेडवुडला बोलावून घेतलं. यात दानधर्म नव्हता. गोदाम जळलं की भरपाई त्यांनाच द्यावी लागे, त्यामुळे तयार माणसं ठेवणं स्वस्त पडत होतं. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटच्या गोदामांना आग लागली. भिंत कोसळून ब्रेडवुड तिथेच गेला. नुकसान एवढं झालं, की विमा कंपन्यांनी हात टेकले आणि सरकारला सांगितलं, हे आता तुमचं काम. १८६५ च्या कायद्याने लंडनचं दल सार्वजनिक झालं. बिल कंपन्यांकडून जनतेकडे आलं.

आपल्याकडचं बिल फार महाग होतं. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या गाठी. जवान पाण्याचा मारा करत होते. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

मला त्या दिवसाचा धडा असा दिसतो: धाडसाची कमतरता नव्हती. कुठला माल कशाशेजारी ठेवायचा आणि कधी मागे सरायचं, हे ज्ञान आग लागण्याआधी हवं होतं. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये केंद्राने रामपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते नागपूरला आलं. म्हणजे देशाने हा खर्च आपला मानला.

आता आजचं बघू. गल्लोगल्ली 'फायर अँड सेफ्टी'च्या पाट्या आहेत आणि बिल पुन्हा सरकलंय, या वेळी विद्यार्थ्याच्या वडिलांकडे. माझ्या आतेभावासाठी आत्याने मुदत ठेव मोडायची तयारी केली होती. संस्थेच्या माहितीपत्रकावर '१०० टक्के नोकरी' असं छापलं होतं. कोर्सला मान्यता कुणाची, याचं उत्तर मात्र आम्हाला तीन फोन करूनही मिळालं नाही. मी आत्याला म्हटलं, "थांब, ठेव मोडू नकोस."

मी त्याला नको म्हटलं ते त्या संस्थेला, या पेशाला नाही. कारण मागणी खरी आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतीची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर टाकली आहे. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र द्यावं लागतं. पंप, स्प्रिंकलर, अलार्म तपासायला जाणकार माणूस लागतोच.

म्हणून इतिहासातून मी तीन प्रश्न उचललेत. पहिला: तुम्हाला हवी त्या नोकरीची जाहिरात या कोर्सचं नाव घेते का? अग्निशामकाच्या भरतीत काही ठिकाणी ठरावीक सरकारी कोर्स मागतात, काही ठिकाणी निवडीनंतर प्रशिक्षण देतात. उंची, धाव, वयाची अटही असते. जाहिरात आधी वाचा, फी नंतर भरा. दुसरा: फीमध्ये राहणं, जेवण आणि तेवढ्या महिन्यांचा बुडालेला पगार मिळवा. मग कोर्समुळे दरमहा किती जास्त मिळेल त्याने भागा. जितके महिने येतील तितक्या महिन्यांत पैसे वसूल. हा आकडा संस्थेला नको, दोन वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या मुलांना विचारा. तिसरा: हातात होज येतो का, धुराच्या खोलीत उतरवतात का, की नुसत्या पीडीएफ?

आणि जमल्यास ब्रेडवुडचा नियम उलटा वापरा. आधी वायरमन, प्लंबर किंवा फिटरचं काम शिका, वर आगीचं शिक्षण चढवा. भरती हुकली तरी हातातली कला पोट भरेल. आणि उद्या फॉर्म बीसाठी पंप तपासताना तो खरंच चालतो की नाही, हे तुम्हाला आवाजावरून कळेल. त्या इमारतीत झोपणाऱ्यांना तेवढंच हवं असतं.